बरोक ऑपेरातला देव कसा बेतावा

ग्रीक-रोमन देवांचे कपडे करायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संग्रहालयातले संगमरवरी पुतळे येतात आणि कागदावर पांढऱ्या चादरी गुंडाळलेली माणसं उतरतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. बरोक काळात, म्हणजे १७व्या-१८व्या शतकात, पॅरिसच्या रंगमंचावर येणारा समुद्रदेव नेपच्यून दिसायला व्हर्सायच्या, म्हणजे फ्रेंच राजाच्या, दरबारातला बडा सरदार असे: छातीला घट्ट चिलखती बंडी, कमरेखाली ताठ फुगलेला घेर, डोक्यावर केसांचा टोप आणि त्यावर शहामृगाच्या पिसांचा तुरा. हा नेपच्यून, हे कळायचं ते घेरावरच्या शंख-पोवळ्यांवरून आणि हातातल्या त्रिशूळावरून. दशावतारात मुकुट आणि आयुध पाहून कोण आलं ते ओळखायची सवय असलेल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे कामाचा क्रम असा लागतो: आधी दरबारी सांगाडा, त्यावर देवाची खूण, आणि या दोन्हींच्या आत गाणाऱ्याचा श्वास. तिसरी गोष्ट राहून गेली तर पहिल्या दोन कितीही देखण्या असोत, रंगीत तालमीत शिवण उसवायची वेळ येतेच.

उदाहरणाला एकच ऑपेरा धरू: फ्रेंच संगीतकार झाँ-फिलिप रामोचा ‘इपोलित ए आरिसी’. १ ऑक्टोबर १७३३ रोजी पॅरिसच्या शाही संगीत अकादमीत तो पहिल्यांदा झाला. रामो तेव्हा पन्नास वर्षांचा होता आणि हा त्याचा रंगमंचावर आलेला पहिलाच ऑपेरा. सुरुवातीला एक नांदी, मग पाच अंक. राजा थेसे, सावत्र मुलावर मन जडलेली त्याची राणी फेद्र, तो मुलगा इपोलित, त्याची प्रेयसी आरिसी ही माणसं. वरून उतरणारे शिकारदेवी डायाना आणि देवांचा राजा ज्युपिटर, पाताळातले तिथला राजा प्लुटो, सूडदेवता तिसिफोन आणि माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या, मोजणाऱ्या, कापणाऱ्या नियतीच्या तिघी देवी, शिवाय देवांचा दूत मर्क्युरी, नेपच्यून आणि मदन. भोवती पुजारिणी, राक्षस, खलाशी, शिकारी, मेंढपाळ. कपडेपटाची एवढी चौफेर परीक्षा घेणारं काम दुसरं शोधावंच लागेल.

खूण तीन उंचींवर

खुणा मनाने रचू नयेत. त्या काळच्या चित्रकारांसमोर चेझारे रीपाचा ‘इकोनोलोगिया’ हा प्रतीकांचा कोश असायचा. तो १५९३ साली रोममध्ये निघाला आणि १६०३ पासून चित्रांसह मिळू लागला. त्यासोबत झाँ बेराँ आणि लुई-रने बोके यांची वेशचित्रं पाहावीत. बेराँ फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारचा, १७११ साली वारला. बोके १८व्या शतकाच्या उत्तरार्धातला. बेराँचा घेर आखूड आणि काटेकोर, बोकेचा रुंद, हलका, फुलापानांनी भरलेला. दोघांची सरमिसळ करू नका. कुठला काळ धरायचा ते दिग्दर्शकाशी पहिल्याच बैठकीत पक्कं करा, कारण घेराची रुंदी बदलली की रंगमंचावर उभं राहायच्या जागाही बदलतात.

प्रत्येक देवाची खूण तीन उंचींवर यायला हवी: डोक्यावर, छाती-कमरेशी आणि पायाशी. १६५३ मध्ये तरुण चौदावा लुई ‘बाले द ला न्यूई’ (रात्रीचं नृत्यनाट्य) यात उगवता सूर्य होऊन नाचला. त्या वेशाचं चित्र आजही आहे. त्यात किरणं डोक्यावर आहेत, छातीवर आहेत, गुडघ्यांवर आहेत आणि बुटांवरसुद्धा. यामागे साधा व्यवहार आहे. मागच्या रांगेला फक्त डोकं दिसतं, पुढच्या रांगेला नजरेसमोर पाय दिसतात, आणि घोळक्यात उभं राहिल्यावर छाती तेवढी उरते.

डायानाची चंद्रकोर कपाळाच्या वर बसते. रुंदी १२ ते १४ सेंटीमीटर, टोकं वर. ती डोक्यावर अगदी मधोमध आणि सपाट बसवली तर वरच्या सज्ज्यातून शिंगं दिसतात, हसू येतं. कोर कपाळाच्या रेषेजवळ आणा, किंचित पुढे झुकवा, टोकं निमुळती ठेवा आणि तीन ठिकाणी फणीला शिवा. दोनच ठिकाणी बांधली तर पहिल्या वळणाला फिरते. भात्यातले बाण गोंदाने पक्के चिकटवा. लवून नमस्कार करताना बाण सांडणारी शिकारदेवी कोणालाच नको असते. मर्क्युरीच्या पायांचे पंख फक्त बाहेरच्या बाजूला लावा, दोन्ही बाजूंना लावले तर चालताना एकमेकांत अडकतात. नेपच्यूनला खरे शंख लावू नका. ते फुटतात, टोचतात आणि जड होतात. कागदाच्या लगद्याचे करा, वर सरस आणि खडूची पूड, मग रंग. मदनाचे पंख चोळीला नुसते टाचू नयेत. पाठीत कॅनव्हासच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकची पातळ पाटी घालून त्यात खोबण ठेवावी आणि पंख त्यात सरकवावेत. दोन्ही पंखांचं मिळून वजन ४०० ग्रॅमच्या आत राहिलं तर खांदे मागे ओढले जात नाहीत.

हुद्दा वेगळ्याच गोष्टींनी दाखवतात: तुऱ्यातल्या पिसांची संख्या, मागे लोळणाऱ्या शेल्याची लांबी, जरीच्या काठाची रुंदी. सगळ्यात आधी याचा तक्ता करावा. ज्युपिटरला सात पिसं दिली तर थेसेला पाच, इपोलितला तीन, त्याच्या सेवकाला एक. फेद्रचा शेला दोन मीटर असेल तर आरिसीचा सव्वा मीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. हा तक्ता केला नाही तर होतं काय, की प्रत्येक कपडा स्वतंत्रपणे सजवला जातो आणि शेवटी रंगमंचावर सगळेच राजे होतात.

श्वासाचं माप

गाणाऱ्याची मापं शिंप्याच्या नेहमीच्या पद्धतीने घेऊन भागत नाही. छाती आणि बरगड्यांची खालची कड, ही दोन मापं तीनदा घ्या: श्वास सोडून, नेहमीसारखं उभं राहून, आणि गाण्यासाठी घेतात तसा पोटापर्यंत श्वास भरून. ‘श्वास घ्या’ म्हटलं की माणूस खांदे उचलतो आणि माप चुकतं. म्हणून त्यांना भूमिकेतली एखादी लांब ओळ गायला सांगा आणि ओळीच्या आधीच्या श्वासाला टेप वाचा. बरगड्यांच्या कडेला ५ ते ७ सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. बंडी बेतायची ती या भरलेल्या मापावर.

मग रिकाम्या श्वासाला बंडी ढगळ दिसेल. त्यासाठी पाठीला दोऱ्या ओवायची जागा करून मध्ये ४ ते ५ सेंटीमीटरची फट ठेवा आणि दोन्ही बगलांखाली ६ सेंटीमीटर रुंदीच्या लवचिक पट्ट्या घाला. हात खाली असताना त्या झाकल्या जातात, वर गेल्यावर शेला झाकतो. पट्टी वरच्या कापडाच्याच रंगात रंगवा. काळी पट्टी सोनेरी बंडीत प्रत्येक श्वासाला उघडझाप करते आणि एकदा दिसली की नजर तिथून हलत नाही.

स्त्रियांच्या कॉर्सेटचंही तेच. कंबर दोन सेंटीमीटरच्या पुढे आवळायची नाही. आकार दिसतो तो आवळण्याने कमी आणि कळ्यांच्या, म्हणजे जोडलेल्या निमुळत्या तुकड्यांच्या, तिरप्या रेषांनी जास्त. पाठीच्या कळ्या कमरेकडे एकत्र येताना दिसल्या की कंबर आपोआप बारीक वाटते. पोलादी पाती उभीच घाला, आडवं पातं बरगड्यांवर येऊ देऊ नका. प्रत्येक पात्याचं टोक काठापासून दीड सेंटीमीटर अलीकडे थांबवा, नाहीतर चौथ्या प्रयोगापर्यंत ते कापड फाडून बाहेर येतं. पुढचं टोक कमरेखाली ८-१० सेंटीमीटर उतरतं. बसायचा प्रसंग असेल तर शेवटचे ३ सेंटीमीटर पात्याविना ठेवा.

महागडं कापड कापण्याआधी मांजरपाटाचा कच्चा कपडा शिवा, पात्यांसकट. तो घालून गायकाला वीस मिनिटं गाऊ द्या आणि मध्ये एकदा जिना चढायला लावा. उभं राहून ‘ठीक आहे’ म्हणणारा गायक जिन्यानंतर खरं काय ते सांगतो.

तोनले, म्हणजे तो ताठ घेर

पुरुष देव आणि वीर ज्याने ओळखले जातात तो कमरेखालचा आखूड, फुगीर, ताठ घेर. फ्रेंचमध्ये त्याला तोनले म्हणतात. त्याचं मूळ रोमन सैनिकाच्या चामडी पट्ट्यांच्या घाघऱ्यात, पण पॅरिसच्या शिंप्यांनी त्याला फुगवून पार दिव्याच्या शेडसारखं केलं. याच्यावर जास्त वेळ घालवावा, कारण हा नीट बसला की बाकीचा वेश निम्मा झाला.

थेसेचं उदाहरण घेऊ. कंबर ८४ सेंटीमीटर, घेराची लांबी ४५, खालच्या काठाचा घेर २४० सेंटीमीटर. सहा कळ्या. प्रत्येक कळी वर १४ आणि खाली ४०. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर माया धरली की कापायचं माप वर १७, खाली ४३. उंचीत वर दीड आणि खाली तीन सेंटीमीटर माया, म्हणजे जवळपास ५० सेंटीमीटर.

११० सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडावर कळ्या आलटून-पालटून, एक सुलट एक उलट ठेवल्या तर एका ओळीत तीन बसतात. त्यांना १०३ सेंटीमीटर लागतात. दोन ओळी, म्हणजे एक मीटर कापडात काम होतं. पण हे फक्त साध्या विणीच्या कापडाला. मखमल असेल, किंवा किनखापात वेलबुट्टी एकाच दिशेला चढत असेल, तर कळ्या उलटवता येत नाहीत. मग एका ओळीत दोनच बसतात, तीन ओळी होतात आणि दीड मीटर लागतं. मखमलीची एक कळी जरी उलटी गेली तरी दिव्याखाली ती वेगळ्याच रंगाची दिसते. ही चूक शिवून झाल्यावर सुधारत नाही, त्यामुळे कापण्याआधी प्रत्येक कळीवर खडूने वरच्या दिशेचा बाण काढा.

आतला सांगाडा वेगळा करायचा. जाड सुती कॅनव्हासच्या याच मापाच्या सहा कळ्या, आणि त्यांना आतून दोन नेफे. पहिला नेफा कमरेपासून १५ सेंटीमीटरवर. तिथला घेर १३६ सेंटीमीटर येतो. दुसरा ४३ सेंटीमीटरवर. तिथला घेर २३३. नेफ्यात ७ मिलिमीटर रुंदीची, प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी पट्टी सरकवायची, प्रत्येकीला ८ सेंटीमीटर जास्त धरून, म्हणजे १४४ आणि २४१. टोकं एकमेकांवर ८ सेंटीमीटर चढवून जाड कापडी चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा. नुसती टोकाला टोक जोडलीत तर तिथे कोन येतो आणि गोल घेर अंड्यासारखा होतो. पातळ वेतही चालतो, हलका पडतो आणि बोलत नाही. पण एकदा मोडला की प्रयोग चालू असताना काही करता येत नाही.

वरचं कापड या सांगाड्यावर ताणून बसवू नका. ते आधी फक्त कमरपट्टीला टाचा, रात्रभर उभ्या पुतळ्यावर लटकू द्या आणि मग खालचा काठ आखा. कळीच्या शिवणी तिरप्या असल्याने कापड उरेब बाजूला सुटतं, एका रात्रीत सेंटीमीटरभर सहज उतरतं. ताज्या शिवणीवर काठ आखला की प्रयोगापर्यंत घेर लाटांसारखा खालीवर दिसू लागतो. काठ आखताना पुढचा भाग दोन सेंटीमीटर आखूड ठेवा, पाऊल पुढे पडताना गुडघा आत धडकत नाही.

आता वरच्या पट्ट्या, रोमन घाघऱ्याची आठवण म्हणून. कमरेवर १२ पट्ट्या, प्रत्येक वर ७ सेंटीमीटर (बारा साता चौऱ्याऐंशी, कंबर बरोबर भरते), खाली १०, लांबी २०. खालचं टोक गोल किंवा जिभेसारखं. प्रत्येक पट्टीला आतून बकरम (ताठपणा देणारं कापड), काठाला अर्ध्या सेंटीमीटरचा सोनेरी गोट आणि टोकाला लहान गोंडा. गोंड्याच्या आत शिशाचा मणी घालायचा मोह होतो, पट्टी छान खाली राहते. घालू नका. घेर हलला की तो मणी पोलादी पट्टीवर आपटतो आणि टकटक ऐकू येते.

तोनले बंडीला कायमचा शिवायचा नाही. त्याला स्वतःची ४ सेंटीमीटरची कमरपट्टी द्या, मागे दोन जाड हूक, आणि बंडीच्या आतल्या काठाला सहा ठिकाणी दोऱ्याची आळी (फास) ठेवून कमरपट्टी सहा हुकांनी त्यांत अडकवा. साफसफाईला, दुरुस्तीला आणि जागा बदलायला हे वेगळं असलेलंच बरं.

याची एक उघड खोड आहे. नृत्यकार झाँ-जॉर्ज नोव्हेरने १७६० मध्येच तक्रार केली होती की या ताठ घेरामुळे काही पवित्र्यांत कंबर थेट खांद्याशी जाते. पाय किंवा हात वर गेला की एक बाजू उचलली जाते आणि दुसरी खाली बसते. गायकाचं यात फार अडत नाही. नर्तकांसाठी मात्र घेर वेगळा बेता: लांबी ३५, काठाचा घेर १८०, पट्टी एकच आणि ५ मिलिमीटरची. गुडघे टेकायचे असतील तर खालची पट्टी मागच्या मध्याला तोडा आणि दोन्ही टोकं नेफ्यात मोकळी सोडा. घेर मागे मिटतो, उठल्यावर पुन्हा उघडतो. टोकांना कापसाची गुंडी बांधायला विसरू नका.

पाताळ

दुसऱ्या अंकात थेसे पाताळात जातो. इथे सगळ्यांचा हात काळ्या रंगाकडे वळतो आणि सगळी पात्रं मागच्या काळ्या पडद्यात नाहीशी होतात. प्लुटोला तांबूस-तपकिरी किनखाप द्या, घेराच्या काठावर खालून वर चढणाऱ्या ज्वाळा: बाहेरचा थर गडद लाल, आतला केशरी, सगळ्यात आत फिकट सोनेरी. ज्वाळा कापून चिकटवल्या तर कडा कडक होतात. कडा शिवून, टोकं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मोकळी सोडली की घेर हलताना त्या स्वतः हलतात. मुकुट काळपट, टोकं अणकुचीदार पण बोथट केलेली.

तिसिफोन ही सूडदेवता रामोने पुरुषाच्या आवाजाला दिली आहे. पुरुषाला बाईचा पोशाख करताना खांदे लपवायला जाऊ नका, तिचं भयंकर दिसणं त्या खांद्यांतच आहे. गळा उंच घ्या, बाह्या फाटक्या झालरींच्या करा. डोक्यावर नऊ-दहा साप: आत पातळ तांब्याची तार, भोवती स्पंजची नळी, वर ताणणाऱ्या कापडाची खोळ आणि त्यावर रंग. स्प्रिंगची पोलादी तार वाकवून ठेवली तर ती परत सरळ होते आणि सगळे साप ब्रशच्या केसांसारखे ताठ उभे राहतात. तार साडेतीन-चार सेंटीमीटर मागे दुमडून शिवा, डोळ्यात जायला नको.

नियतीच्या तिघी मात्र सगळ्यात अवघड, आणि त्याला कारण संगीत आहे. तिन्ही भूमिका पुरुषांच्या आवाजासाठी आहेत आणि त्यांच्या त्रिकुटात रामोने स्वरांची इतकी धाडसी वळणं घातली की १७३३ च्या गायकांना ती पेलेनात, तो भाग वगळावा लागला. आजचे गायक गातात, पण त्यांना एकमेकांचा स्वर कानाशी लागतो आणि संगीतसंचालक सतत दिसावा लागतो. म्हणजे कपड्यांनी दोन गोष्टी पाळायच्या. घागऱ्याची रुंदी ७० सेंटीमीटरच्या आत ठेवा, तिघे सव्वादोन मीटरच्या आत उभे राहू शकले पाहिजेत. आणि बुरखा असला तर तो नाकाच्या वर येता कामा नये, कानांवर तर मुळीच नको. म्हातारपण दाखवायचं तर राखाडी जाळीचे थर एकावर एक लावा. चेहरा झाकून म्हातारपण दाखवता येतं हा समज काढून टाका.

तिघींच्या हातात टकळी, मोजायचा धागा आणि कात्री. धागा ४ मिलिमीटरचा पांढरा सुती दोर असावा, रेशमी नको, तो दिव्याखाली चमकून नाहीसा होतो. तो तिघींच्या हातांतून जाणार, त्यामुळे त्यांच्या कपड्यांच्या पुढच्या भागात एकही हूक, मणी किंवा सुटी झालर ठेवू नका. धागा एकदा अडकला की तिघे गाणं सोडून तो सोडवत बसतात. कात्री लाकडाची, चंदेरी रंगवलेली.

उजेड, रंग, आवाज

त्या काळी रंगमंचावर मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे होते. म्हणूनच कपड्यावर खोटी जर, पन्नी, टिकल्या यांची रेलचेल असे. मंद पिवळ्या उजेडात जेवढं चमकेल तेवढंच दिसे. आजच्या प्रखर दिव्यांखाली तेच काम केलं तर डोळे दुखतात. जरीवर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवून ती जुनी करा. टिकल्या ३ ते ५ मिलिमीटरच्याच घ्या आणि प्रत्येकीला एकाच टाक्यात, थोड्या सैल शिवा. सैल टिकली थरथरते आणि दुरून ज्योतीसारखी लुकलुकते. चिकटवलेली टिकली आरशाच्या तुकड्यासारखी एकाच दिशेला झगमगते.

उबदार पिवळ्या उजेडात निळा रंग मरतो, राखाडी होतो. नेपच्यूनसाठी म्हणूनच समुद्री हिरवा घ्या आणि त्यात चंदेरी मिसळा. जांभळा तपकिरी दिसतो. लाल आणि केशरी फुलतात. कापड घेताना दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली निवड करू नये. वीतभर तुकडा आणून रंगमंचावरच्या दिव्याखाली दहा मीटरवरून पाहा. मुंबईत मंगलदास मार्केटात किंवा भुलेश्वरात फिरून किनखाप, जरीकाठ, लेस एका दिवसात गोळा होतात, पण तुकडे न तपासता ताग्यानं घेतलं तर निम्मं पडून राहतं.

आवाजाचा मुद्दा बहुतेक शिंप्यांच्या लक्षातच येत नाही. या ऑपेरात लांबलांब संवादगीतं फक्त हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं तारांचं वाद्य) आणि एखाद-दोन मंद्र तंतुवाद्यांवर चालतात. अशा वेळी टाफेटा या कडक, चकचकीत कापडाची सळसळ तिसऱ्या रांगेत ऐकू येते. फेद्रच्या घागऱ्याला वरून टाफेटा हवाच असेल तर आतलं अस्तर मऊ सुती घ्या, टाफेटावर टाफेटा घासू देऊ नका. धातूचे खवले वापरू नका, पातळ चामडं किंवा फोम कापून रंगवा. झटपट कपडे बदलायला चिकटणारी फीत (वेल्क्रो) सोयीची वाटते, पण ती ओढल्याचा चर्रर्र आवाज विंगेतून थेट प्रेक्षकांत जातो. दाबायची बटणं किंवा चपटी चुंबकं लावा.

डोकं

गायकाच्या डोक्यावर ४५० ग्रॅमपेक्षा जास्त ठेवू नये, टोप धरून. शिरस्त्राण कानांवर आलं तर गायकाला स्वतःचा आवाज घुमून ऐकू येतो, वाद्यवृंद ऐकू येत नाही, आणि मग सूर सरकतो. कानांच्या जागी शिरस्त्राणाची कड आत कापा आणि बाहेरून नक्षीची पाकळी उभी करा. दुरून कान झाकलेलेच दिसतात. पूर्वी हे कागदाच्या लगद्याचं होत असे आणि आजही ते हलकं पडतं. उष्णता देऊन वळवायचं प्लास्टिक टिकाऊ, पण जड.

पिसं शहामृगाची. देठाला बारीक तार समांतर ठेवून दोऱ्याने दर दोन सेंटीमीटरवर बांधा. तुऱ्याचा भार कपाळावर न येता डोक्याच्या मधोमध यायला हवा, नाहीतर खाली वाकल्यावर अख्खा टोप पुढे घसरतो. दमट हवेत पिसांचा कुरळेपणा जातो, ती लोंबू लागतात. वाफ देऊन, बोथट सुरीच्या पाठीने कुरळी करून घ्यावीत. दाढीचं सांगायचं तर नेपच्यूनची दाढी खालच्या ओठाच्या लगेच खाली चिकटवू नका. हनुवटीच्या टोकाला आणि कानशिलांजवळ पकड द्या, जबडा मोकळा राहतो.

वरून उतरणारे

डायाना ढगाच्या यंत्रातून उतरणार असेल तर तिचा कपडा शिवण्याआधी यंत्र पाहून या. आत सुरक्षेचा पट्टा असतो, त्याची दोरी कुठून बाहेर येते तिथे शिवणीत ४ सेंटीमीटरची फट ठेवा आणि तिला आतून कडक गोट लावा. फट नंतर कापली तर ती प्रत्येक प्रयोगाला वाढत जाते. शेला यंत्रात अडकणार नाही एवढा आखूड हवा किंवा उतरल्यावर मदनाने किंवा पुजारिणीने तो खांद्यावर अडकवावा. दोन मीटरचा शेला आणि फिरतं चाक यांची गाठ पडू देऊ नका.

घागऱ्याखालची रुंद चौकट, पानिए, ११० सेंटीमीटर झाली की दारातून आणि विंगेतून जात नाही. सगळ्यात अरुंद वाट आधी मोजून घ्या. पुष्कळ ठिकाणी ती पाऊण मीटरच निघते. चौकटीला बिजागरी देऊन बाजू वर उचलता येतील असं करा, किंवा बाईला आडवं जायला शिकवा. दुसरा उपाय स्वस्त आहे.

समूहाचं थोडक्यात: समजा समूहात सोळा जण आहेत, तर तेच लोक पुजारिणी, राक्षस, खलाशी, शिकारी आणि मेंढपाळ होतात. सगळ्यांना एकच तटस्थ रंगाची मूळ बंडी आणि चड्डी द्या, वरून गळ्यातून घालायचा एक थर आणि डोक्यावर एक वस्तू बदला. दर बदलाला तीनपेक्षा जास्त बंद नकोत. बदलाला किती मिनिटं मिळतात ते सांगीतिक प्रत पाहून मोजा, कारण मधल्या नृत्याची लांबी दिग्दर्शक तालमीत कापतो आणि कपडेपटाला ते शेवटी कळतं.

घेर, बंडी, शिरस्त्राण यांपैकी काहीच धुता येत नाही. म्हणून प्रत्येक बंडीच्या आत सुती बिनबाह्यांचं अस्तर बटणांनी लावा, दोन-दोन नग, एक अंगात एक दोरीवर. प्रयोगानंतर बंडी उलटी करून पंख्याखाली टांगा. तोनले मात्र टांगू नका. टांगला की वरची पट्टी त्याच्याच वजनाने लांबट होते. तो टेबलावर, काठ खाली करून, उभा ठेवा.